दोन बटणांचं घड्याळ आणि मास्तर-वकील

मी प्रवासाला जातो तो वस्तू आणायला. डोंगर, देवळं आणि सूर्यास्त बघायला जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण परतताना हात रिकामे असले की मला तिकिटाचे पैसे डोळ्यांपुढे दिसतात. त्यामुळे मी यवतमाळ जिल्ह्यात चार दिवस राहून एक जगप्रसिद्ध जातीचं घड्याळ आणायला गेलो आणि कापसाचं पोतं घेऊन आलो, हे कळल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात जे हसले त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. बाकीच्यांनी त्या भागाची माहिती म्हणून वाचावं.

मूळ भांडण एकोणीस वर्षं जुनं आहे.

तेव्हा माझं दुकान म्हणजे जुन्या बाजारात अंथरलेलं एक गोणपाट होतं. वडील हमाल होते. घड्याळ उघडायला मला कोणी शिकवलं नाही, बिघडवून बिघडवून शिकलो. एका रविवारी गोणपाटासमोर एक उंच, लाल पागोट्याचा माणूस उकिडवा बसला. यवतमाळकडचा होता, खडकीला लष्करात असलेल्या भावाला भेटायला आला होता. त्याने नेमकं एक घड्याळ उचललं. काळी तबकडी, तिच्या पोटात दोन छोट्या तबकड्या, किल्लीच्या वर एक बटण आणि खाली एक. वरचं बटण चौकोनी. खालचं तुटलेलं होतं, त्याच्या उरलेल्या दांड्यावर मी दुसऱ्या घड्याळाचं गोल बटण शोभेला बसवलं होतं. दोन्ही बटणं दाबली तरी दबत नव्हती. छोटे काटे चालत होते, पण सेकंदाचा म्हणून जो लांब काटा होता तो बाराच्या आसपास ठप्प उभा.

मी दीडशे सांगितले. त्याने त्या लांब काट्यावर बोट ठेवलं. "बाकी काटे चालते, हा मेला. मेल्या बैलाचे पैसे कोन देते, शेठ?"

तासभर चाललं. मी ओरडलो, गोणपाट गुंडाळायला लागलो, देवाच्या शपथा घेतल्या. तो शांतपणे काट्यावरचं बोट काढत नव्हता. शेवटी नव्वदला सोडलं.

तीन वर्षांनी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या हाताखाली काम करताना तसंच घड्याळ समोर आलं. लांब काटा बाराला ठप्प. मी म्हणालो, हा मेलाय. म्हाताऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. त्याने वरचं बटण दाबलं. काटा धावत सुटला. पुन्हा दाबलं, जिथल्या तिथे उभा. खालचं दाबलं, टक्‌दिशी बाराला परत.

या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. एका डबीत दोन घड्याळं असतात: एक किती वाजले ते सांगतं, दुसरं एखाद्या गोष्टीला किती वेळ लागला ते मोजतं. लांब काटा दुसऱ्याचा. तो मेलेला नसतो, आपण बटण दाबायची वाट बघत असतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये राजाच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी पहिलं यंत्र निघालं. घोडा पोचला की ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं, म्हणून नाव पडलं ते वेळ लिहिणारं यंत्र असं. पुढे ते आक्रसत आक्रसत मनगटावर आलं. वैमानिक, मोटारींच्या शर्यतीवाले, नाडी मोजणारे डॉक्टर, तोफेचा उजेड आणि आवाज यांच्यातल्या वेळावरून तोफ किती लांब आहे ते काढणारे शिपाई, सगळ्यांनी ते वापरलं. आत एक बुरुजाच्या आकाराचं चाक असतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. बटण दाबलं की ते एक घर सरकतं आणि नखाएवढे लोखंडी दांडे त्याच्या कंगोऱ्यावर चढतात नाहीतर खाचेत उतरतात. हे सगळं बोटाला जाणवतं. एकदा ज्याच्या बोटाला जाणवलं तो माणूस संसारातून अर्धा गेला असं समजावं. मधे सेलची घड्याळं आली तेव्हा लोकांनी ही भंगारात काढली आणि ती माझ्यासारख्याच्या गोणपाटावर आली. मग श्रीमंत माणसांना एकाएकी त्यांची आठवण झाली. आता चांगल्या दोन बटणी घड्याळावर लोक मोटारसायकल देतात.

माझं दुःख पैशाचं नव्हतं, असं मी लोकांना सांगतो. माझं दुःख असं की त्या पागोटेवाल्याला सगळं माहीत होतं. माहीत असून त्याने काट्यावर बोट ठेवलं आणि मला, बाजारात कोणी ज्याला आजवर गुंडाळलं नाही त्या मला, गुंडाळलं.

आता माझं पक्कं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई पट्टा घ्यायला आल्या. दारव्ह्याकडून बदलून आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, वेळ मोजायला असंच एक जुनं घड्याळ आहे, एक बटण चौकोनी आणि एक गोल. मी त्यांच्या हातातला पट्टा तसाच राहू दिला, पैसेही घेतले नाहीत आणि भरदुपारी शटर ओढलं. पट्टा फुकट दिल्याचं लक्षात आलं तेव्हा गाडी मनमाडला पोचली होती.

दारव्हा

कापसाचे भाव पडलेलं ते वर्ष होतं. त्यामुळे जिल्ह्यात बाहेरचा माणूस दिसला की तो दोनपैकी एक असायचा: चॅनलवाला किंवा समितीवाला. स्टँडवर उतरल्यापासून तासाभरात मला चार जणांनी विचारलं, चॅनलवाले का? एकाने तर मी नाही म्हटल्यावरही सरकारी पॅकेजसाठीचा अर्ज माझ्या खिशात घातला. तो अजून माझ्याकडे आहे. कोणाला द्यायचा ते कळलेलं नाही.

तिथे सकाळी पोह्यांवर लाल तर्री ओततात. आमच्याकडे पोहे म्हणजे आजारी माणसालाही चालतील असा पदार्थ. इथे पहिल्या घासाला माझे कान बंद झाले. शेजारच्याने मला पाणी दिलं नाही, आणखी तर्री दिली. "त्यानंच उतरते," म्हणाला. खरंच उतरली, पण त्याला दुपार झाली.

पट भरतो त्या तांड्यावर, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीवर, जायला काळी-पिवळी जीप मिळाली. दहा माणसांच्या जीपमध्ये अठराजण भरल्यावर मी संतापून ड्रायव्हरला विचारलं, आता कोणाची वाट बघताय? तो म्हणाला, "तुमच्या रागाची. तो बसला की निघू."

हा मिलिंद वानखडे. अर्धा जीपमध्ये, अर्धा दाराबाहेर बसून गाडी चालवतो आणि पटात माइकवर बोलतो. दुसरं काम पहिल्यात शिरलेलं आहे. सबंध रस्ताभर तो आम्हाला सांगत होता, "डाव्या हातानं एसटी येऊन राह्यली, एसटी जोरात आहे, पण आपली जीप काही कमी नाही, पाहा पाहा, कटली!" मागच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी डोळे मिटून घेतले.

घड्याळाबद्दल त्याच्याकडूनच कळलं. घड्याळवाल्याचं नाव हरसिंगबाबा राठोड. घडी त्यांचीच, वेळ तेच मोजतात, आणि पट परवा आहे.

तांडा

हरसिंगबाबा अंगणात खाटेवर बसले होते. पागोटं तेच, पाठ मात्र वाकलेली. एकोणीस वर्षं मी ज्या चेहऱ्याशी मनात भांडत होतो तो चेहरा समोर होता. आणि त्याने मला ओळखलं नाही. राम राम घातला, बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, चॅनलवाले का? माझं डोकं तिथेच सणकलं. पण धंद्याच्या वेळी मी राग खिशात ठेवतो.

माझी एक पद्धत आहे. जी वस्तू हवी तिची किंमत कधी विचारायची नाही. आधी दुसऱ्याच वस्तूवर घासाघीस करायची, समोरचा दमला की जाता जाता खऱ्या वस्तूचं नाव काढायचं. बाबांच्या घरात पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. भाव चढेल म्हणून ठेवलेला, त्या साली सगळ्यांच्याच पुढच्या खोल्या अशा होत्या. मी सहज विचारलं, हा काय भावाने द्याल?

पुण्यात हा प्रश्न विचारला असता तर दुकानदाराने तोंड फिरवलं असतं. इथे बाबांनी भाव सांगितला. मी सवयीने निम्मा म्हणालो. बाबांची बायको चंद्रीबाई, हातभर बांगड्या घातलेली, दारातून म्हणाली, "द्या. पोतं कोनाचं, आमचं का तुमचं?"

इतक्या लवकर कोणी हो म्हटलं की मला धाप लागते. मी सावरायच्या आत बातमी तांडाभर झाली की पुण्याचा शेठ आला आहे, कापूस न बघता घेतो. अर्ध्या तासात अंगणासमोर बैलगाड्यांची रांग लागली. मी मोजल्या, चौदा. खरेदी केंद्रावर आठवडा आठवडा गाडी उभी ठेवून कंटाळलेली माणसं होती ती. पहिल्याने माझ्या हातावर तंबाखू ठेवली, दुसरा वजनकाटा घेऊन आला. मी खाटेवर उभा राहून ओरडलो की मी व्यापारी नाही, मी घड्याळवाला आहे. त्यावर एकजण शांतपणे म्हणाला, "असू द्या न. घड्याळवाल्याले का गादी लागत नाही?"

शेवटी बाबांकडून एक पोतं घेऊन सुटलो. त्यात रिकाम्या पोत्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले. सगळे हसत गाड्या वळवून गेले. आमच्याकडे चौदा जणांना असं रिकामं परत पाठवलं असतं तर माझी वरात निघाली असती.

जेवायला ज्वारीची बाटी होती. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भाकरीला बाटी म्हणतात. बरोबर अंबाडीची भाजी आणि असा ठेचा की सकाळची तर्री म्हणजे त्याच्यापुढे सरबत. जेवता जेवता मी जाता जाता केल्यासारखं घडीचं नाव काढलं.

बाबांनी गळ्यातली पिशवी काढली. चंद्रीबाईने भरतकाम करून आरसे लावलेली, लाल-पिवळी, चकाकणारी. तिच्यातून माझं घड्याळ निघालं. एक बटण चौकोनी, एक गोल. मी जुनी ओळख न देता हात पुढे केला, वरचं बटण दाबलं आणि काटा धावला. बुरुजाचं चाक सरकलेलं बोटाला लागलं. 

मग मी पद्धत सोडली आणि सरळ किंमत बोललो. वाढवली. पुन्हा वाढवली. बाबा नुसते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "घडी इकाची नाही, शेठ. घडी पटाची आहे. चला, दाखवतो."

त्यांनी मला शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. भिंतभर ऑइलपेंटने नावं लिहिलेली. वर्ष, बैलजोडी, धुरकऱ्याचं, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचं नाव आणि वेळ. आठ सेकंद चार रेघा. आठ सेकंद दोन रेघा. तबकडीवर एका सेकंदात पाच रेघा असतात, तेच इथलं माप. अठरा वर्षांच्या पहिल्या नंबरांची ती भिंत होती आणि सगळ्या वेळा या एका घडीवर मोजलेल्या. मधे एक वर्ष तहसीलच्या एका साहेबाने सेलचं घड्याळ आणलं होतं, पण त्यात रेघा नव्हत्या म्हणून लोकांनी ते मानलं नाही.

मी भिंत पाहिली आणि मनात दुसरा डाव मांडला. घडीला तेलपाणी कधी केलंय का, विचारलं. कधीच नाही. मग उद्या मी फुकट करून देतो म्हणालो. माझ्या तोंडून फुकट हा शब्द निघाला की पुण्यात लोक सावध होतात. बाबांना ते माहीत नव्हतं. माझा हिशेब असा की उपकाराखाली दबला की माणूस किमतीला नरम येतो.

दुसरा दिवस

सकाळच्या उन्हात अंगणात, कापसाच्या पोत्यावर बसून मी घड्याळ उघडलं. भोवती तांडा जमला. एकाने विचारलं ऑपरेशनला किती वेळ लागेल.

मागचं झाकण निघालं आणि आतल्या बाजूला माझी खूण दिसली. आम्हा घड्याळवाल्यांची रीत आहे, दुरुस्त केलं की झाकणाच्या आत सुईने बारीक खूण कोरून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी आपण हात लावलेला कळतो. माझी खूण मासा. एक मासा आणि त्या सालाचे दोन आकडे. माझ्या घड्याळावर माझा मासा, हे पाहून हक्क आणखी पक्का वाटला.

धूळ झटकली, तेल दिलं. मग लक्षात आलं की लांब काटा परत येऊन बाराला उभा राहत नाही, तीन रेघा अलीकडे राहतो. म्हणजे मोजणी सुरू व्हायलाच तीन रेघा उशीर. मी काच काढली, काटा उपसला आणि बरोबर बारावर बसवला. काम असं झालं की कॅम्पातल्या म्हाताऱ्याने पाठ थोपटली असती. बाबांची दृष्टी आता अधू झाली आहे, धावता काटा थांबला की कुठे थांबला ते शेजारचा वाचून सांगतो. त्यांनी घडी कानाला लावली, खूश झाले आणि पिशवीत ठेवली.

पट

शंकरपट आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीसारखा नसतो. आमच्याकडे जोड्या एकमेकींशी झुंजतात, म्हणून निकालावर लोकही झुंजतात. इथे एका वेळी एकच जोडी सुटते, छकडीला जुंपलेली, आणि घड्याळाशी झुंजते. सुटायच्या जागी झेंडी पडते, दुसऱ्या टोकाला मंडपात बाबा बटण दाबतात. भांडायला समोर दुसरा माणूसच नाही. मला वाटलं, किती शहाणी पद्धत.

माळावर कणकेचे रोडगे भाजले जात होते, त्यांच्या धुरात वांग्याच्या भाजीचा वास. जागोजागी माणसं प्लास्टिकच्या कागदात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होती. पंधरा पंधरा मिनिटं घोटतात. तेवढ्या वेळात मी तीन गिऱ्हाइकं कटवतो. पहिलं बक्षीस दरवर्षी मोटारसायकल असायचं, या वर्षी फवारणीचा पंप होता. कोणी तक्रार केली नाही, पंप चांगला होता.

मिलिंद माइकवर बसला. पहिली जोडी सुटली. नऊ सेकंद दोन रेघा. लोक चुकचुकले, ही जोडी नेहमी साडेआठला पोचायची. दुसरी त्याहून मागे. तिसरी मारेगावहून टेम्पोत घालून आणलेली, गेल्या वर्षीची पहिली. तीही नऊच्या पुढे. धुरकरी छकडीवरून उतरून बैलांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग कारणं निघाली. एक म्हणाला माळ भुसभुशीत आहे. दुसरा म्हणाला थंडी. तिसऱ्याने सांगितलं की बैलांना बीटी कापसाची सरकी चारली, त्याने बैल ढिले झाले. हे सगळ्यांना एकदम पटलं. त्या साली कशाचंही कारण बियाण्यात सापडायचं. दहा मिनिटांत बियाण्याच्या कंपनीविरुद्ध रास्ता रोको करायचं ठरलं. कोणीतरी मला मोबाइलवर चॅनलला फोन लावायला सांगितलं.

मला एव्हाना कळलं होतं. नऊ-दोनमधून तीन रेघा काढल्या की आठ-चार. सगळ्या जोड्यांची वेळ बरोबर तीन रेघांनी वाढलेली. पण मी गप्प बसलो. मनात म्हटलं, रागाच्या भरात हे लोक घडी काढून टाकतील, तेव्हा मी आहेच.

तेवढ्यात दिगांबरची जोडी सुटली.

दिगांबर गावचाच, आणि त्याचे बैल मास्तर आणि वकील. सात वर्षं ही जोडी पटात धावते. कधी नंबर आला नाही, येणारही नाही. पण सात वर्षं तिची वेळ एकच: अकरा सेकंद दोन रेघा. ऊन असो, थंडी असो, कोणी ओरडो. दोघं शेतातून घरी निघाल्यासारखे येतात. लोक त्यांना हसतात आणि त्यांच्याशिवाय पट सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

मास्तर-वकील आले. बाबांनी बटण दाबलं. शेजारच्याने वाचलं, "बारा."

 दिगांबर छकडीवरून उतरला, मंडपात आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "मास्तर-वकील चुकत नाही, बाबा. घडी चुकली."

एकानेही वाद घातला नाही. जगभर घड्याळ बैलांना तपासतं, इथे बैलांनी घड्याळ तपासलं आणि नापास केलं. बाबांनी घडी डोळ्यांशी नेली, खालचं बटण दाबलं आणि विचारलं, "हा काटा इथं काहून उभा आहे? याचं घर तर अलीकडं आहे."

सगळा माळ माझ्याकडे वळला. मिलिंद माइक चालू ठेवून म्हणाला, "आता पुण्याचे शेठ बोलून राह्यले."

मी चिडलो की मला पुढचं दिसत नाही. मी बोललो. म्हणालो, अठरा वर्षं तुमची घडी खोटी होती. काटा तीन रेघा मागे उभा राहत होता. त्या भिंतीवरची प्रत्येक वेळ तीन रेघांनी कमी आहे. मी पहिल्यांदा खरी केली. हे सगळं माइकमधून माळभर गेलं.

मला दगड येतील असं वाटलं होतं. कोणी दगड उचलला नाही. मारेगाववाल्याने बैलांचं जू सोडायला घेतलं, एवढंच. रोडगेवाल्याने निखाऱ्यांवर राख ओढली. चंद्रीबाई बायकांतून उठून पुढे आली. "सगळ्यायचे बैल एकाच घडीवर धावले, दादा. मंग खोटं कोनाचं झालं?"



बाबांनी घडी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "न्या आता. हे खरी झाली. आमच्या कामाची नाही राह्यली."

एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते माझ्या हातात होतं, एक पैसा न देता. जीप उभी होती. उठून जायला काही हरकत नव्हती. पण मला भांडायचं होतं आणि समोर कोणी भांडत नव्हतं. मी बाबांना म्हणालो, थांबा. जुना बाजार आठवतो का? गोणपाट? हा काटा मेलाय म्हणून नव्वदला नेलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं की नाही, ते सांगा.

बाबांनी मला नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. "तुम्ही होय ते वरडणारे?" मग हसायला लागले. "मले काय माहीत, शेठ. मेलाच म्हणून घेतला. एसटीत बसलो, रस्ताभर अंगठ्यानं बटण दाबत आलो, सवय. जालन्याच्या पुढं बटण सुटलं आणि काटा पयाला लागला. भूत समजून खिडकीतून फेकत होतो. शेजारच्या बाईनं हात धरला."

म्हणजे त्या दिवशी गोणपाटाच्या दोन्ही बाजूंना दोघंही अडाणी बसले होते. माझं एकोणीस वर्षांचं भांडण एवढ्यात संपलं. मला फार रिकामं वाटलं.

आणि तेव्हाच मला चिमटा आठवला. काटा मेलाय म्हणून त्या साली मीच काच काढली होती आणि चिमट्याने त्याला ढोसून बघितलं होतं. तो थोडा सरकला होता. मी तसाच काच लावून, आत मासा कोरून, मोकळा झालो होतो. तीन रेघा माझ्या होत्या. अख्ख्या तालुक्याचे बैल अठरा वर्षं माझ्या चिमट्यावर धावत होते.

मी जीपमधून माझी पेटी आणि पोतं आणायला सांगितलं.

मंडपात, पोत्यावर बसून, दोन हजार माणसांसमोर मी एक बरोबर चालणारं स्विस घड्याळ बिघडवायला घेतलं.  काटा बसवला. मी म्हणालो तीन रेघा. मारेगाववाला म्हणाला चार असतील, दुसऱ्याने दोन सांगितल्या. उभा काटा नेमका किती मागे असतो ते कोणी कधी मोजलेलंच नव्हतं, सगळे धावता काटा बघायचे. मग दिगांबर काही न बोलता मास्तर-वकिलांना घेऊन सुटायच्या जागी परत गेला.

जोडी आली. अकरा सेकंद तीन रेघा. "एक रेघ अजून मांगं घ्या, शेठ," मिलिंद माइकवरून म्हणाला, "मास्तर नाही म्हणून राह्यले."

मी पुन्हा काच काढली. पुन्हा जोडी गेली, पुन्हा आली, त्याच चालीने, कोणाकडे न बघता. शेजारच्याने आधी चष्मा पुसला आणि मग काटा वाचला. अकरा सेकंद दोन रेघा.

त्या माळावर मास्तर-वकिलांना पहिल्यांदाच शिट्ट्या मिळाल्या. बैलांनी कान हलवले, एवढंच. रोडगे परत निखाऱ्यावर गेले, सगळ्या जोड्या नव्याने धावल्या आणि मारेगावच्या जोडीने आठ सेकंद एका रेघेत पट मारला. भिंतीवर ओल्या रंगात ती वेळ चढताना मी समोर उभा होतो. खरी वेळ मला माहीत होती. बोललो नाही.

निघताना बाबांनी झाकणात नवी खूण करायला सांगितली, रीत म्हणून. जुन्या माशाशेजारी मी दुसरा मासा कोरला. दुरुस्त केल्याचा. मग त्यांनी विचारलं, मजुरी किती. फुकट म्हणालो होतो ते कालच्या कामाचं, आज दोनदा काच काढली होती. मी दीडशे सांगितले.

बाबांनी काट्यावर बोट ठेवलं. "पहिल्या खेपेले चुकला होता न? त्याचे पैसे कोन देते?"

मी ओरडलो, पेटी बंद केली, शपथा घेतल्या. मिलिंदने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी नव्वद घेतले. मी एकशेवीसवर बराच वेळ अडून बसलो होतो, हे जुन्या बाजारातल्यांनी ध्यानात ठेवावं.